शब्दचर्चा: 'सर्वाधिक पसंतीचा देश', पण नक्की कुणाच्या पसंतीचा?

बोरू: घरी वाद झाला. पुलवामानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानचा 'सर्वाधिक पसंतीचा देश' हा दर्जा काढला, त्यावरून विषय निघाला. बाबांचा प्रश्न: "मुळात त्यांना सगळ्यात पसंतीचा ठरवलंच कुणी?" मी गप्प. हे 'मोस्ट फेवर्ड नेशन'चं मराठी आहे एवढं कळतं. 'परममित्र राष्ट्र' असंही कुठेतरी वाचलंय. खरा अर्थ काय?

कडबोळं: भाषांतर शब्दाला शब्द बरोबर आहे, म्हणूनच चुकलंय. गॅट, म्हणजे देशादेशांतल्या व्यापाराचा आणि जकातीचा करार; त्याचं पहिलंच कलम सांगतं की एका देशाच्या मालाला जी सवलत द्याल, ती बाकी सगळ्या सभासदांच्या तशाच मालाला ताबडतोब आणि बिनशर्त द्यायची. म्हणजे तुमच्या सगळ्यात लाडक्याला जेवढं, तेवढंच यालाही. 'सर्वाधिक' हे त्या लाडक्याचं विशेषण. मराठीत येताना ते भलत्याच्याच मांडीवर जाऊन बसलं.

आपल्याकडे याच्या उलट गोष्टीला झकास शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत जावईबापूंच्या पुरणपोळीवर तुपाची धार, आणि शेजारच्या पानाला तुपाचं भांडं नुसतं दाखवून पुढे. ते करायचं नाही, एवढंच हे कलम म्हणतं. भारताने पाकिस्तानला हा दर्जा १९९६ मध्ये दिला तो प्रेमापोटी नव्हे. आदल्याच वर्षी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली होती, दोघेही तिचे सभासद, आणि गॅटचे नियम तिथे लागू. 'परममित्र' तर सरळ कचऱ्यात टाका.

गोदीवाला: न्हावा शेवा बंदरात सीएचएचं, म्हणजे आयात-निर्यातदारांचा माल सीमाशुल्कातून सोडवून देणाऱ्या दलालाचं काम करतो. आमच्याकडे 'पसंती' वगैरे कुणी बोलत नाही. सीमाशुल्काच्या दरपत्रकात त्या रकान्याला 'स्टँडर्ड' म्हणतात, म्हणजे सर्वसाधारण दर. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र भरताना दुसरं काही दाखवलं नाही की हाच लागतो. पाकिस्तानचा दर्जा गेला आणि लगेच तिथून येणाऱ्या मालावर २०० टक्के शुल्क लागलं. खजूर असो की सिमेंट.

बोरू: मग मुक्त व्यापार कराराचं काय? तिथे तर उघड पंक्तिप्रपंच आहे!

कडबोळं: आहेच, आणि परवानगीने आहे. गॅटचं २४वं कलम. काही देशांनी आपसातल्या जवळजवळ सगळ्या व्यापारावरचं शुल्क काढलं, तर ती सवलत इतरांना द्यावी लागत नाही. युरोपात सहा देशांनी १ जुलै १९६८ पासून सीमाशुल्क संघ पुरा केला, तो याच वाटेने. आपले आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी, श्रीलंकेशी करार आहेत. त्यामुळे गंमत अशी की 'सर्वाधिक पसंतीचा' दर हाच आता बऱ्याचदा सगळ्यात चढा दर असतो. सवलतीवाले सगळे आतल्या खोलीत जेवतायत.

गोदीवाला: आणि आतल्या खोलीच्या दारावर आमची मारामारी! सुपारीचंच बघा. सर्वसाधारण शुल्क १०० टक्के. श्रीलंकेची असेल तर करारातली सवलत, पण ती तिथेच पिकली याचं उगम प्रमाणपत्र हवं. तिसऱ्याच देशाची सुपारी श्रीलंकेची म्हणून घुसवण्याचे प्रकार पकडले गेलेत. २०२० पासून नियम कडक झाले, नुसता कागद दाखवून भागत नाही, उगमाची माहिती आयातदाराने स्वतः बाळगायची. यात कोकणातल्या बागायतदाराचा भाव पडतो तो वेगळाच.

आडसूळ: एक भर. करविषयक करारांतही हेच कलम असतं. डिसेंबर २०२४ मध्ये 'स्वित्झर्लंडने भारताचा पसंतीचा दर्जा काढला' अशा बातम्या आल्या आणि लोक व्यापारयुद्ध समजून घाबरले. ते दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारातलं कलम होतं, लाभांशावरच्या कराचं. सीमाशुल्काशी काही संबंध नाही. शब्द एक, पंगती दोन.

कडबोळं: अमेरिकेलाही या नावाचा त्रास झालाच. चीनला 'मोस्ट फेवर्ड' का म्हणायचं, यावर दर वर्षी गदारोळ. शेवटी १९९८ मध्ये त्यांनी कायद्यातलं नावच बदलून 'नॉर्मल ट्रेड रिलेशन्स' केलं. मराठीत 'समान वागणूक दर्जा' म्हणावं असं माझं मत.

बोरू: मथळ्यात बसतं का पण? 'पाकिस्तानचा समान वागणूक दर्जा रद्द'.

गोदीवाला: बसतं की. बाबांना वाचून दाखवा.

बोरू: दाखवलं. म्हणाले, "मग हे आधी का नाही लिहिलं?"