शिंदळ माकुडी कुंडीत लावावी का?

कातळवेल: शिंदळ माकुडी (फ्रेरिया इंडिका) ही मांसल खोडाची छोटी वनस्पती आपल्या सह्याद्रीच्या कड्यांशिवाय जगात कुठेच रानात उगवत नाही. शिवनेरी, सज्जनगड अशी मोजकी ठिकाणं. माझं स्पष्ट मत: छाटापासून, म्हणजे खोडाच्या कापलेल्या तुकड्यापासून, सहज होते, तर घरोघरी लावा. झाडं वाढली की कड्यावरून ओरबाडायचं कारणच उरत नाही.

मुरूमवाला: उलट होतं. गच्चीवर फूल दिसलं की 'मलाही हवं' सुरू, आणि पहिला छाट कुणीतरी कड्यावरूनच आणतो. शिवाय एका झाडाचे शंभर छाट म्हणजे शंभर कुंड्यांत एकच झाड. जनुकीय वैविध्य शून्य. याला संवर्धन म्हणायचं?

कातळवेल: म्हणून तर रोपवाटिकेतल्याच झाडाचा छाट घ्यावा. ८-१० सेंमीचा, निरोगी. कापलेला भाग सावलीत ४-५ दिवस सुकू द्या, मगच लावा; ओला लावला की बुडातून कुजतो. दोन भाग मुरमाची खडी, एक भाग जाड वाळू, एक भाग पालापाचोळ्याचं खत. शेणखत भरपूर घातलं की खोड लुसलुशीत होतं आणि पहिल्याच झडीत सडतं. कुंडी उथळ, बुडाला भोकं जास्त.

पानगळ: खरी गोची हिवाळ्यानंतर होते. या गटातल्या इतर माकडशिंग्यांना (हिच्यासारख्याच मांसल खोडाच्या वनस्पतींना) अशी ठसठशीत पानं नसतात. हिला पावसाळ्यात येतात आणि कोरड्या दिवसांत गळतात. लोकांना वाटतं झाड मेलं, मग रोज पाणी! मऊ पडलेलं खोड वाचत नाही. वरचा टणक तुकडा कापून नव्याने लावावा. नुसतं सुरकुतलेलं असेल तर हात लावू नका. पेरांत पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसा.

मुरूमवाला: वाढवण्याला विरोध नाहीच. पण कुंडीतली झाडं हौसेने गडावर नेऊन लावू नका. कुठल्या कड्याची, याची नोंद नसते. सोबत कीड आणि बुरशीही जाते. ते काम वनखात्याच्या परवानगीने, जाणकारांनीच करावं.

पानगळ: हे मान्य. वैविध्य हवं तर बी हाच मार्ग. तपकिरी-लाल, पिवळ्या ठिपक्यांच्या त्या चांदणीसारख्या फुलाला जो कुबट वास येतो, तो माश्यांसाठी असतो. तेव्हा फुलाच्या दिवसांत कीटकनाशक फवारू नका. शेंगा जोडीने धरतात. पिकत आल्या की पातळ कापडाची पिशवी बांधा, नाहीतर तडकल्या की केसाळ बी वाऱ्यावर गेलं. कुंडीवर झाड कुठून आलं ते लिहिलेली पट्टी हवीच.

कातळवेल: पट्टीचं पटलं. मात्र छाट वाटणं मी थांबवणार नाही.