रात्रभर बर्नर धुमसत ठेवायचा का?

प्रेषक: लिनवुडचे नवे सभासद

नमस्कार मंडळी,

न्यूझीलंडमध्येच, ऑकलंड सोडून आम्ही याच उन्हाळ्यात क्राइस्टचर्चला आलो. घर जुनं, लाकडी आहे आणि बैठकीच्या खोलीत लॉग बर्नर, म्हणजे लाकूड जाळून घर तापवायची बंद शेगडी, आहे. ऑकलंडला याची कधी गरजच पडली नव्हती. बाळ लहान आहे आणि पहाटे चारच्या सुमाराला घर असं गारठतं की पांघरुणातून हात बाहेर काढवत नाही. आधीचे मालक जाताना सांगून गेले: झोपताना मोठा ओंडका टाका, हवेचा दांडा पूर्ण बंद करा, सकाळपर्यंत धुमसत राहतो. हे बरोबर आहे का? इथे धुराचे नियम कडक आहेत असं ऐकतो. विजेवर घर तापवणारा हीट पंप आहे, पण बिलाची धास्ती वाटते. आणि लाकूड कुठून, कसं घ्यायचं?

---

प्रेषक: हॅल्सवेलचे काका

अहो, खुशाल पेटवा! बर्नर म्हणजे या गावातला खरा सोबती. ४ सप्टेंबर २०१० ला पहाटे साडेचारच्या सुमाराला ७.१ चा भूकंप झाला, वीज गेली, बाहेर कडाक्याची थंडी. गल्लीतली विटांची धुराडी कोसळली होती, आमचा पोलादी पाइप उभा होता. तो तपासून घेतला आणि बर्नर पेटवला. त्यावरच चहा झाला, खिचडी झाली, शेजारची चार माणसं येऊन शेकत बसली. वीज गेली की तुमचा हीट पंप म्हणजे भिंतीवरचा पांढरा डबा.

तुमच्या बर्नरला वेटबॅक आहे का बघा. मागच्या बाजूने पाणी तापवण्याची सोय असते, आपल्या तांब्याच्या बंबासारखीच. आंघोळीचं पाणी फुकट.

झोपताना ओंडका टाकायला हरकत नाही. गावात सगळेच टाकतात.

---

प्रेषक: स्प्रेडनची ताई

काका, भूकंपाचं सगळं मान्य, पण शेवटच्या दोन वाक्यांवर मी भांडणार.

लिनवुडकर, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: बर्नर जरूर वापरा, दांडा बंद करून रात्रभर धुमसत ठेवू नका.

लाकूड जळतं म्हणजे आधी तापून त्यातून वायू सुटतात, आणि उष्णतेचा मोठा भाग ते वायू पेटल्यावर मिळतो. त्यांना पेटायला भरपूर हवा लागते आणि भट्टी चांगली तापलेली लागते. झोपताना भलामोठा ओंडका टाकून तुम्ही हवाच तोडलीत, तर लाकूड आतून शिजत राहतं, वायू सुटत राहतात आणि न जळताच धुराड्यातून वर जातात. तोच तो पिवळट-करडा धूर. म्हणजे पैसे देऊन आणलेल्या लाकडातली बरीचशी ऊब तुम्ही गल्लीला वाटता. उरलेलं काळं डांबर धुराड्याच्या आतल्या बाजूला थर धरतं, आणि एखाद्या दिवशी जोरदार जाळ केला की तो थरच पेट घेतो. अग्निशमन दलाला धुराड्याच्या आगी नव्या नाहीत.

चार वाजता घर गार का पडतं, तेही यातच आलं. धुमसणारा ओंडका जेमतेम बर्नरची काच कोमट ठेवतो. आग चालू आहे या समाधानावर आपण झोपतो, घर मात्र छतातून आणि जमिनीतून ऊब सोडत असतं.

आता गावाची गोष्ट. दक्षिणेला पोर्ट हिल्स, बाकी सगळं सपाट. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. धूर त्याखाली कोंडतो. वर टेकडीवर कॅशमियरला राहणाऱ्यांनी सकाळी खाली बघावं, तपकिरी थराला वरून कातरल्यासारखी सरळ कड असते. म्हणजे ज्या रात्री सगळ्यात जास्त थंडी, त्याच रात्री सगळ्यात जास्त बर्नर आणि त्याच रात्री धुराला जायला वाट नाही. नॉरवेस्टर, म्हणजे वायव्येचा जोरदार वारा, सुटला की तेच धुराडं कुणाला जाणवणारही नाही.

एनव्हायर्नमेंट कॅन्टरबरी या आपल्या प्रादेशिक परिषदेचा नियम साधा आहे: पेटवताना पंधरा मिनिटं आणि लाकूड घालताना पाच मिनिटं, एवढाच वेळ धूर दिसलेला चालतो. दांडा बंद करून झोपलेल्याला हा नियम पाळणं शक्यच नाही. उघड्या फायरप्लेस शहरात २०१० पासून हिवाळ्यात बंद आहेत. जुने बर्नरही वयोमानाप्रमाणे बदलावे लागतात, तेव्हा तुमचा कुठल्या साली बसवलाय ते घराच्या कागदपत्रांत आधी बघा.

हवेची राष्ट्रीय मर्यादा २००४ च्या नियमांतली आहे: पीएम १०, म्हणजे हवेतले दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, आणि वर्षातून एकदाच ओलांडलेली चालते. पण लाकडाचा धूर बहुतेक पीएम २.५ असतो, त्याहून बारीक. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांना १५ ची शिफारस केली आहे. एवढे बारीक कण बंद खिडकीच्या फटीतूनही आत येतात, त्यामुळे आपला धूर बाहेर गेला म्हणजे सुटलो असं नाही.

---

प्रेषक: सेंट अल्बन्सहून एक आई

ताईंच्या पत्राला दुजोरा. माझ्या मुलाला दमा आहे. जून-जुलैच्या हिवाळ्यात वारा पडला की संध्याकाळी सहानंतर त्याला फुटबॉलच्या सरावाला पाठवत नाही, इनहेलर उशाशी असतो. शेजाऱ्यांशी भांडायची इच्छा नाही, चांगली माणसं आहेत. पण अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांना सकाळी धुराचा वास येतो तेव्हा राग येतोच.

---

प्रेषक: हॅल्सवेलचे काका

पोराला दमा आहे हे वाचून वाईट वाटलं. पण ताई, सगळं खापर बर्नरच्या माथी का? २०२२ साली आरोग्यावरचा तो मोठा अहवाल आला, त्यात न्यूझीलंडमध्ये २०१६ या एका वर्षात प्रदूषित हवेमुळे ३,३०० हून जास्त अकाली मृत्यू धरले आहेत आणि त्यातला मोठा वाटा गाड्यांच्या धुराचा आहे. मग मोटारी बंद करायच्या? तिकडे मुंबईत हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं, तेव्हापासून मी कडक ब्रून पावाची काळजी करतोय. आणि पेन्शनवर जगणाऱ्याला विजेचं बिल परवडत नाही, हे कोण बघणार?

---

प्रेषक: स्प्रेडनची ताई

काका, गाड्यांचं खरं आहे. तो वाटा मुख्यतः नायट्रोजन डायऑक्साइड या वायूचा. पण हिवाळ्याच्या रात्री या गावात हवेत जे कण तरंगतात, ते गाड्यांपेक्षा घरांतल्या लाकडाचे जास्त असतात. पावाबद्दल माझी सहानुभूती आहे, तो मलाही कडकच आवडतो.

परवडण्याचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो कुणीच झटकू नये. थंड घरानेही माणूस आजारी पडतो. टास्मानियातल्या लाँसेस्टनला २००१ पासून नुसती बंदी न घालता बर्नर बदलायला पैसे दिले. तेही आपल्यासारखंच धूर कोंडणारं, दरीतलं गाव. लाकडावर घर तापवणारी कुटुंबं ६६ टक्क्यांवरून ३० वर आली आणि हिवाळ्यातली पीएम १० ची सरासरी ४४ वरून २७ वर. इथेही सरकारच्या वॉर्मर किवी होम्स योजनेतून २००८ पूर्वीच्या घरांना इन्सुलेशनसाठी मदत मिळते, अटी बघून घ्या. माझ्या मते पहिला पैसा छतात आणि जमिनीखाली घालावा, बर्नर-पंपाचा वाद नंतर.

बिलाबद्दल: हीट पंप एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. दिवसभर २४ वर ठेवून दारं उघडी टाकली तर कुणाचंही बिल फुगेल.

लिनवुडकर, तुमच्यासाठी रात्रीचा क्रम असा. संध्याकाळी लवकर पेटवा, छोट्या ढलप्यांनी, हवा पूर्ण उघडी ठेवून, जाळ लख्ख होऊ द्या. पडदे अंधार पडायच्या आत ओढा. शेवटची लाकडं झोपण्याच्या तासभर आधी, मध्यम आकाराची दोन-तीन, दांडा उघडा ठेवूनच. ती जळून निखारे होऊ द्या आणि झोपा. बाळाच्या खोलीत थर्मोस्टॅटवाला ऑइल हीटर १८ वर लावा, नाहीतर पंप मंद ठेवा. संबंध घर पहाटेपर्यंत तापवायची गरज नाही, बाळ झोपतं ती खोली पुरे.

लाकडाची ओल २५ टक्क्यांच्या खाली हवी. पाइन फोडून, हवेशीर रचून एक उन्हाळा गेला की बहुधा वाळतो, निलगिरीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. इथे लाकूड क्यूबवर, म्हणजे घनमीटरवर, विकतात. ‘थ्रोन’ क्यूब म्हणजे सैल टाकलेला. रचल्यावर ढीग लहान दिसला तर फसवलं असं समजू नका. कीड लागू नये म्हणून औषध मुरवलेल्या लाकडी कुंपणाचे हिरवट तुकडे फुकट मिळतात, ते चुकूनही जाळू नका, त्यात आर्सेनिक असतं. राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत. पूर्ण विझायला पाच दिवसही लागू शकतात.

---

प्रेषक: लिनवुडचे नवे सभासद

मनापासून आभार. कागदपत्रं काढली, बर्नर २०१४ चा आहे, म्हणजे अजून थोडी वर्षं आहेत. वेटबॅक नाही, काका! काल ताईंच्या क्रमाने केलं. धुराड्यातून काही दिसत नाही हे बघायला बायको दोनदा अंगणात जाऊन आली. पहाटे बैठकीची खोली गारच होती, बाळाची नव्हती. आधीच्या मालकांनी मागे ठेवलेलं लाकूड मात्र ओलं वाटतं, पेटताना फसफसतं आणि टोकाला पाणी सुटतं. ओल मोजायचं यंत्र कुणाकडे आहे का?

---

प्रेषक: हॅल्सवेलचे काका

माझ्याकडे आहे. शनिवारी घेऊन येतो. ओंडका मधून फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजायचं असतं, बाहेरून टोचलंत तर यंत्र खुशाल खोटं सांगतं. कुऱ्हाड आहे ना घरी?