मदत हवी आहे: २१४७४८३६४७ च्या सिद्धतेतली एक पायरी

इंदूरला रामबागेत दर रविवारी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, ही मूळ संख्या आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. तेच फळ्यावर हातानं करायचंय.

या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६२क + १ (क ही पूर्ण संख्या) याच रूपाचा असणार, हे फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (मूळ संख्या प ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या प − १ व्या घाताला प ने भागलं की बाकी १) मुलांना पटलं. किती खूश झाली! २ चा ३२ वा घात त्या विभाजकानं भागला की बाकी २ उरते, म्हणजे २ हा तिथे वर्गशेष (एखाद्या वर्गसंख्येला त्या विभाजकानं भागल्यावर उरणारी बाकी), हेही झालं. पण मग त्या विभाजकाला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७च का? ७, १७, २३, ३१ घेऊन पडताळलं, पण ती सिद्धता नव्हे. हे जमलं की ४६३४१ च्या आत (आपल्या संख्येचं वर्गमूळ याहून थोडं कमी) मूळ विभाजक म्हणून २४८क + १ आणि २४८क + ६३ एवढेच तपासायचे.

संगणक किंवा ल्यूकास-लेमर चाचणी (२ चा घात वजा १ अशी संख्या मूळ आहे का ते ठरवणारी) नको. मुलांना भागाकारात उरणाऱ्या बाक्यांचं अंकगणित येतं, गट सिद्धांत नाही. एवढ्यावर भागेल अशी सिद्धता कुणी सांगेल का?