ठाण्यात आर्टिचोक येईल का?

घोडबंदरकर: टेरेसवर आर्टिचोक (ज्याची न उमललेली फुलाची कळी भाजी म्हणून खातात ते झाड) लावायचंय, जमलं तर थोडं विकायचंही आहे. इथल्या हवेत कळी धरेल का?

नेरूळची बाग: दादा झाड वाढेल हो पण कळी अवघड, कारण त्याला कळी धरायला १० अंशाच्या खालची थंडी बरेच दिवस लागते आणि ती आपल्याकडे पडतच नाही, वर पावसात मुळं कुजतात. इंपीरियल स्टार जात कमी थंडीत चालते, तरी ठाणं तिलाही गरमच.

वाशीवाली: विकायचं तर आधी हॉटेलवाल्यांशी बोला, घरगुती गिऱ्हाईक ओळखत नाही. आणि खाऊन बघाच! घट्ट मिटलेली, जड कळी घ्या, कापल्यावर लगेच लिंबू चोळा नाहीतर काळी पडते, पाऊण तास वाफवा, पाकळीच्या बुडाचा गर दाताने ओढायचा, मधले केस मात्र काढून टाका. खालचा गाभा अप्रतिम लागतो.