शब्दचर्चा : व्हिएतनामी 'बत् मी' आणि उलटवण्याचा खेळ

प्रश्न : व्हिएतनामीत गुपित फोडण्याला 'बत् मी' म्हणतात, बातम्यांच्या मथळ्यांतही दिसतो. दोन्ही तुकडे सुटे पाहिले तर अर्थाचा मेळ लागत नाही. हा आला कुठून?

उत्तर : गुपित म्हणजे 'बी मत्'. ते उलटवलं की 'बत् मी'. ब आणि म जागच्या जागी राहिले, मागची 'ई' आणि 'अत्' ही शेपटं बदलली. या खेळाला तिकडे 'नॉय लाय' म्हणतात. गंमत म्हणून झालेला शब्द, पण आता सर्रास चालतो.

प्रश्न : मग सूर? ती तर सुरांची भाषा, आवाजाची चढ-उतार बदलली की शब्दच बदलतो. सूर शेपटाबरोबर जातो की मागे राहतो?

उत्तर : दोन्ही! एका लोकगीतात मुलगी मुलाला कोडं घालते : 'का दोय' (बोय मासा) 'कोय दा'त (दगडी उखळात), 'मेओ काय' (मांजरी) 'माय केओ'वर (छपराच्या वाशावर); अशीच उलटणारी जोड जुळवून उत्तर दिलंस तर गरीब असलास तरी पत्करीन. मासा-उखळात सगळेच सूर चढते, त्यामुळे काही कळत नाही. मांजरीत मात्र 'मेओ'चा उतरता सूर 'केओ'वर गेलाय, 'काय'चा चढता 'माय'वर. म्हणजे सूर शेपटाला चिकटून गेला.

आता मुलाचं उत्तर बघा : पिवळ्या पिसांचा पक्षी, 'व्हांग लोंग', रताळ्याच्या वाफ्याशी, 'व्होंग लांग'पाशी बसलाय. इथे पहिल्या जागेचा उतरता सूर पहिल्याच जागी आहे, दुसरीचा सपाट दुसरीवर. फक्त 'आंग' आणि 'ओंग' हलले. सूर हा स्वराचा रंग नाही, सुटा काढून ठेवता येणारा भाग आहे, हे व्याकरण न शिकलेल्या माणसांनाही ठाऊक होतं. (पोराने अट पूर्ण केली, वर 'तू तरी हो म्हणशील का' अशी शंकाही काढली. शहाणा!)

प्रश्न : हा खेळ लिपीवरून तर चालत नाही ना?

उत्तर : नाही. त्यांच्या रोमन लिपीत 'काय'चा क एका अक्षराने लिहितात, 'केओ'चा दुसऱ्याने. अदलाबदल कानाने होते.

आणखी एक : आपल्या च-च्या भाषेत 'कुठे'चं 'चठेकु' होतं. 'कु' अख्खा उचलला जातो, क आणि उ यांची फारकत कुणी करत नाही. व्हिएतनामी पोर तिथेच सुरी घालून 'केठु' करेल.