एलईडी पार : शेवटच्या फेडमध्ये उजेड पायरीपायरीने का उतरतो?

मंदप्रकाश

नमस्कार मंडळी. १९ वर्षं नाटकांची प्रकाशयोजना करतोय, पण आजवर सगळी हॅलोजनवर. फेडर (उजेड कमीजास्त करायची सरकपट्टी) खाली आणला की आतली तार तांबूस होत कशी विझते, हे बोटांना पाठ आहे. आता आमच्या गटाने १२ एलईडी पार (रंग बदलणारे स्टेजलाइट) घेतलेत आणि क्यू, म्हणजे प्रकाशाचे ठरवलेले बदल, साठवणाऱ्या कंसोलवर मी पहिल्यांदाच बसतोय. प्रयोगाला ९ दिवस आहेत.

शेवटच्या प्रवेशात आई खिडकीशी बसलेली असते. संध्याकाळ उतरते आणि ३० सेकंदांत तिच्या चेहऱ्यावरचा उजेड जातो. संवाद नाही, संगीत नाही. नाटक ज्यासाठी केलं ते त्या ३० सेकंदांत आहे. पहिली २५ सेकंदं छान जातात. मग उजेड जिना उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने खाली येतो, अंबरचा निव्वळ लाल होतो आणि एकदम अंधार. काल तालमीत आईचं काम करणाऱ्या बाईंनी जागेवरूनच विचारलं, "लाइट गेले का?" ते फार लागलं मला.

आणखी दोन अडचणी. रात्रीच्या निळ्या प्रवेशानंतर ब्लॅकआउट आहे, पुढे कंदिलाचा पिवळसर प्रवेश. उजेड वर येताना आधी जांभळट दिसतो, मग पिवळा होतो. आणि ६ नंबरचा पार मधूनच लुकलुकतो. केबल बदलून पाहिली, फरक नाही.

मांडणी अशी : ८ चॅनेलचा मोड, एका चॅनेलवर लाइटची एक गोष्ट (डिमर, लाल, हिरवा, निळा, पांढरा, स्ट्रोब, ऑटो प्रोग्रॅम, वेग). ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक पारचं पहिलं चॅनेल, १, ९, १७ असे ८९ पर्यंत. संध्याकाळचा अंबर म्हणजे लाल २५५, हिरवा १००, पांढरा २०, निळा शून्य. वीज जुन्या डिमर रॅकमधूनच (हॅलोजनची वीज कमीजास्त करणारं यंत्र) घेतलीय, ते फेडर जुन्या बोर्डवर फुल्ल ठेवून.

विंगेतून

बाकी सगळं नंतर. आधी ते पार डिमर रॅकमधून काढा, आजच. फुल्लवर ठेवला तरी डिमर हा डिमरच. त्यातून येणारी वीज एलईडीच्या आतल्या पॉवर सप्लायसाठी नसते. तालमीत कुणी चुकून मास्टर अर्ध्यावर आणला की सप्लाय जळू शकतो. माझे २ लाइट असेच गेलेत, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय. थेट मेनच्या सॉकेटवर घ्या. एलईडीची वीज कायम चालू, उजेड कमीजास्त करायचा तो फक्त डीएमएक्सवरून, म्हणजे कंसोलच्या आज्ञा लाइटपर्यंत नेणाऱ्या सिग्नलवरून.

केबलचं म्हणाल तर शेवटच्या पारच्या आउटमध्ये टर्मिनेटर लावा : २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर. आणि माइकच्या केबल वापरत असाल तर डीएमएक्सच्या आणा. १२ पारच्या छोट्या साखळीत माइकची केबल चालून जाते, पण ज्या दिवशी चालत नाही तो नेमका प्रयोगाचा दिवस असतो.

कंट्रोल केबिन

६ नंबरचा पार नेमका कधी लुकलुकतो ते बघा. माझा अंदाज, कंसोलवर पांढरा वर केला की. तसं असेल तर तो पार ७ चॅनेलच्या मोडवर राहिलाय. त्याचा ॲड्रेस ४१. कंसोल ४५ वर पांढरा पाठवतोय. ७ चॅनेलच्या मोडमध्ये बहुधा पांढऱ्याला वेगळं चॅनेल नसतं, त्यामुळे पाचव्या जागेवर, म्हणजे ४५ वरच, स्ट्रोब येतो. पारच्या मागच्या मेनूत जाऊन मोड बदला.

जांभळटाचं कारण सोपं आहे. ब्लॅकआउटमध्ये तुम्ही फक्त डिमर शून्य करता, रंगाची चॅनेलं निळ्यावरच उभी असतात. पुढच्या क्यूमध्ये डिमर आणि रंग एकदमच निघतात, म्हणून निळ्याकडून पिवळ्याकडे जातानाची वाट प्रेक्षकांना दिसते. हॅलोजनला रंगीत जिलेटीन लावलेलं असायचं, तिथे हा प्रश्नच नव्हता. मध्ये एक क्यू टाका : डिमर शून्य, रंग पुढच्या प्रवेशाचा, वेळ शून्य, आणि तो पूर्ण अंधार होताच आपोआप लागू दे. काही कंसोल हे स्वतःहून करतात. कुठे त्याला मार्क म्हणतात, कुठे मूव्ह इन ब्लॅक.

आता तुमच्या ३० सेकंदांबद्दल, आणि यावर मला सविस्तर लिहायचंय.

डीएमएक्स ५१२ हे १९८६ साली ठरलं ते मुख्यतः डिमर चालवण्यासाठी. एका चॅनेलला ० ते २५५ अशा २५६ पातळ्या. तारेच्या दिव्याला त्या पुरत, कारण तार गरम असते, ती एका पातळीवरून दुसरीवर उडी मारतच नाही. पायऱ्या तेव्हाही होत्या, तार त्या बुजवत होती. एलईडीला अशी ऊब नाही, जे सांगाल ते त्याच क्षणी. २०० वरून १९९ वर आलात तर अर्धा टक्का उजेड गेला, कुणाला कळणार नाही. २ वरून १ वर आलात तर उरलेल्यातला अर्धा गेला. अंधाराला सरावलेला डोळा नेमका तिथे बघत असतो.

रंगाचंही तेच. डिमर २ टक्क्यांवर असताना तुमच्या अंबरमधला लाल उरतो ५, हिरवा २ आणि पांढरा अर्ध्याहून कमी, म्हणजे काहीच नाही. बऱ्याच साध्या पारमध्ये आतला हिशेब इतकाच ढोबळ असतो. आधी पांढरा मरतो, मग हिरवा, शेवटी एकटा लाल. बाईंच्या चेहऱ्यावर तुम्हाला दिसतं ते हेच.

मॅन्युअलमध्ये डिमर फाइन असलेला मोड शोधा. त्यात दोन चॅनेलं मिळून ६५,५३६ पातळ्या मिळतात. मोड बदललात तर कंसोलच्या पॅचमध्येही (कुठला लाइट कुठल्या ॲड्रेसवर ती यादी) तोच मोड निवडा आणि ॲड्रेस पुन्हा मांडा. पारच्या मेनूत डिमर कर्व्ह (फेडरच्या प्रमाणात उजेड कसा बदलतो ते) आणि डिमर स्पीड आहेत का तेही बघा. हळू स्पीडवर लाइट स्वतःच पायऱ्या गुळगुळीत करतो. हे सगळं करून बरंच सुधारेल. पण माझं स्पष्ट मत आहे की चेहऱ्यावरचा शेवटचा उजेड एलईडीवर सोडू नका. डिमर रॅक आता मोकळा होतोय ना? खिडकीच्या बाजूने एक हॅलोजन लावा, प्रवेशाच्या सुरुवातीपासून ३० टक्क्यांवर, म्हणजे तो कधी आला हे कुणाला कळणार नाही. क्यूची वेळ विभागा : एलईडी २४ सेकंदांत शून्य, हॅलोजन ३४ सेकंदांत. शेवटी विझेल ती तार, तुमच्या बोटांना पाठ असलेली.

मंदप्रकाश

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन संध्याकाळी यातच गेल्या.

पार मेनवर घेतले. ६ नंबरचा खरंच ७ चॅनेलवर होता, आणि मी चार दिवस केबली बदलत बसलो होतो. मध्ये रंगाचा क्यू टाकला, जांभळट गेला.

मॅन्युअलमध्ये डिमर फाइनसह ९ चॅनेलचा मोड सापडला. ॲड्रेस आता १, १०, १९ असे १०० पर्यंत, म्हणजे पार १०८ वर संपतात. रॅक डीएमएक्स घेतो. त्याला १२१ वर ठेवून त्याच युनिव्हर्समध्ये, म्हणजे त्याच डीएमएक्स ओळीवर, आणला. खिडकीच्या विंगेत एक ५०० वॅटचा फ्रेनेल (मऊ कडांचा हॅलोजन लाइट) लावला. काल शेवटचा प्रवेश पहिल्यांदा सलग केला. एलईडी गेले ते कळलंच नाही. मग फक्त गालाची कड राहिली, तांबूस होत होत गेली. अंधार झाल्यावरही बाई उठल्या नाहीत.

एक विचारायचं राहिलं. फेड सुरू होताना एलईडी थंड वाटतात आणि फ्रेनेल उबदार, एका चेहऱ्यावर दोन संध्याकाळी दिसतात. एलईडीतला पांढरा काढून टाकू का?

कंट्रोल केबिन

हो, पांढरा काढा आणि हिरवा जरा कमी करा. पण आकड्यांवर जाऊ नका. फ्रेनेल ३० टक्क्यांवर ठेवून बाईंच्या हातावर दोन्ही उजेड शेजारी शेजारी पाडा आणि डोळ्यांनी जुळवा. फ्रेनेल खाली जाताना आणखी तांबूस होत जातो, म्हणून क्यूमध्ये एलईडीचाही रंग त्या २४ सेकंदांत थोडा लालाकडे सरकवा.

मंदप्रकाश

आज तालमीआधी हेच करतो. बाईंना अर्धा तास लवकर बोलावलंय.