मदत हवी आहे: कोल्हापूर ते नागपूर विमानाला नक्की किती वेळ?

उद्यमनगरकर: एका साइटवर ७१० किमी, ५३ मिनिटं. तिकिटावर दीड तासाच्या वर. मॅप पंधरा तास दाखवतोय. खरं कुठलं? लवकर सांगा, आजच बुक करायचंय.

रंकाळा_चौपाटी: तारीख कुठली? किती जण? आपल्या उजळाईवाडी विमानतळावरनंच बसणार का पुण्याहून?

उद्यमनगरकर: तारखेचा काय संबंध? वेळ विचारलाय.

रंकाळा_चौपाटी: भावा, आपल्याकडनं रोज सगळीकडं विमान नसतंय. वार बघायला लागतो.

पाना_पक्कड: ७१० हे सरळ रेषेतलं अंतर. त्याला ताशी ८०० नं भागलं की ५३ मिनिटं येतात, साइट तेवढंच करते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना रांगेत थांबणं हे त्यात धरलेलंच नसतं. पंख्याचं एटीआर असेल तर वेगच पाचशेच्या आसपास, म्हणजे नुसतं उडायलाच सव्वा तासाच्या वर. तिकिटावरची वेळ धर. मॅपचे पंधरा तास गाडीचे.

स्लीपर_कोच: महाराष्ट्र एक्सप्रेसनं जावा की. दुपारी बसायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूर. डबा घेऊन, निवांत.

पाना_पक्कड: त्यानं विमानाचं विचारलंय.

पुणे_अपडाऊन: पुण्याहून नागपूर सरळ रेषेत ६१० च्या आसपास. १०० किमी वाचतात, विमानंही जास्त.

रंकाळा_चौपाटी: आणि पुण्यापर्यंतचे २३० किमी कोण उडवणार? कागल-साताऱ्याचं काम आणि खंबाटकी धरून बोल.

पुणे_अपडाऊन: शक्तिपीठ महामार्ग झाला की हा प्रश्नच उरणार नाही.

काळी_माती: रान कुणाचं जाणार ते पण लिहा. आणि तो वर्ध्याजवळच्या पवनारवरनं सुटणार, तुझ्या दारातनं न्हाई.

वऱ्हाडी_ठेचा: डिसेंबरात येत असान तर आत्ताच बुक करा बाप्पा. अधिवेशन राह्यते, तिकिटं आकाशाला भिडतात. सकाळी धुकं पडलं तर विमान लेट, हेही धरा.

उद्यमनगरकर: डिसेंबरातच आहे. लग्न. मी, आई आणि गुळाचे दहा-दहा किलोचे दोन रवे (ढेपा).

पाना_पक्कड: हे आधी सांगायचं नव्हतं का! देशातल्या विमानांना बहुतेक ठिकाणी सामान माणशी १५ किलो. दोघांत ३०, त्यात गूळच २०. कपड्यांना दहा उरतात, बाकीचे हातातल्या सात-सात किलोत कोंबा.

जुना_राजवाडा: विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. किती जणांना ठाऊक आहे?

रंकाळा_चौपाटी: काका, त्याला गूळ न्यायचाय.

स्लीपर_कोच: रेल्वेत सहसा वजनकाटा लावत नाहीत. सांगून ठेवतो.

वऱ्हाडी_ठेचा: हॉल कुठं आहे? वर्धा रोडले असन तर विमानतळ जवळच पडते.

उद्यमनगरकर: हॉल गोंदियात आहे. नागपूरहून पुढं टॅक्सी करणार. जवळच आहे ना?

वऱ्हाडी_ठेचा: जवळ? अडीच-तीन तास पकडा.

स्लीपर_कोच: महाराष्ट्र एक्सप्रेस कुठपर्यंत जाते ते गाडीच्या पाटीवर लिहिलेलं असतं. कोल्हापूर–गोंदिया. डबासुद्धा बदलायचा नाही.

पाना_पक्कड: …बरोबर आहे त्याचं.

उद्यमनगरकर: आत्ता बघितलं. थ्री एसी वेटिंग ३८.

काळी_माती: गूळ कुठल्या गुऱ्हाळातला घेतलाय?